फक्कीची रेघ

कॉलेजच्या ऑफिसातली ट्यूबलाइट मी स्टूल न घेता बदलली, तिथून माझं बास्केटबॉल सुरू झालं. दारात उभे असलेले खेळाचे सर मला वरपासून खालपर्यंत बघत राहिले आणि म्हणाले, "संध्याकाळी ग्राउंडवर ये." मी बारामतीजवळच्या जळोचीचा, घरी वांगी-भेंडीचं माळवं. माझ्या सहा फूट तीन इंचांचा तोवर एकच उपयोग झाला होता, शेवग्याच्या शेंगा काढायला. त्यामुळे कुणीतरी कौतुकानं बोलावलं म्हणून मी हुरळून गेलो.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. बारामतीत आमच्यासारख्या पोरांना कबड्डी कळायची, हे रिंगमध्ये बॉल टाकणं नवीनच. सरांनी पहिल्याच दिवशी माझं काम सांगून टाकलं. "तू रिंगखाली थांबायचं. पडंल तो बॉल धरायचा आन् कॅप्टनला द्यायचा. रिंगकडं बघायचं बी न्हाय."

कॅप्टन माझ्या छातीला लागायचा. तो कुठूनही बॉल मारायचा, मुली टाळ्या वाजवायच्या आणि मी खाली पडलेले बॉल गोळा करून त्याच्या हातात द्यायचो. दोन महिने मी ही हमाली केली. मग एका संध्याकाळी माझं डोकं फिरलं. बॉल हातात आला तसा मी मैदानाच्या मधूनच भिरकावला. तो बोर्डावरून कँटीनच्या पत्र्यावर धाडकन पडला. आतला चहावाला ओरडतच बाहेर आला.

मला वाटलं, आता आपली हकालपट्टी. पण सरांनी फक्कीचं घमेलं आणलं आणि रिंगपासून एका पावलावर जमिनीवर पांढरी रेघ मारली.

"मारायची हौस हाय ना? मग कमव. दर शनिवारी हितनं धा बॉल मारायचे. सात गेले तर रेघ एक वीत मागं. न्हाय गेले तर एक वीत पुढं. मॅचमधी रेघंच्या मागनं मारलास तर बाहेर बसायचं."

माझ्यासाठी कुणी वेगळी रेघ आखली याचाच मला केवढा आनंद झाला! मी रोज पहाटे सायकल हाणत यायचो. पण रेघ भारी चेंगट. एका शनिवारी मागं जायची, दुसऱ्या शनिवारी पुन्हा पुढं यायची. दीड महिन्यात मी दोनच विती कमावल्या. तिकडं कॅप्टन अर्ध्या मैदानातून मारत होता.

आमच्याकडे नांगरटीच्या दिवसांत एक जुनी खोड आहे. शेजाऱ्याचा बांध दरवर्षी नांगराच्या एकेका रेघेएवढा कोरायचा. एका वर्षात कुणाच्या ध्यानात येत नाही. पाच-सहा वर्षांनी बांधावरून बैल नेता येईना झाला की मग भांडण. हे मी लहानपणापासून पाहिलेलं. एका शुक्रवारी पहाटे मी सरांची रेघ पायानं पुसली आणि चार बोटं मागं नवी मारली. कुणाला पत्ता नाही. पुढच्या शुक्रवारी आणखी चार बोटं. महिनाभरात माझी रेघ चांगली हातभर सरकली आणि मी छाती काढून हिंडायला लागलो.

एका शनिवारी सर आले, रेघेकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "हितं उकर जरा." रेघेच्या हातभर पुढं बोट दाखवत होते. मी माती उकरली, तर आत खिळा. सर दर शनिवारी मी कमावलेल्या खऱ्या रेघेच्या टोकाला खिळा ठोकून वर माती ओढत होते.

"बांध कोरतोस व्हय रं?" ते म्हणाले. "आमच्या गावी, लोणी भापकरात, माझ्या चुलतभावानं असंच केलं. चार-चार बोटं. आठ वर्षं बोलत न्हाय आमी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळी टीम उभी होती आणि कुणी हसतही नव्हतं. सरांनी रेघ पुसली, पुन्हा एका पावलावर आणली आणि घमेलं माझ्या हातात दिलं. "हितनं म्होरं रेघ तूच मारायची. मी बघणार न्हाय."

त्यांनी खरंच पाहिलं नाही. मला कुणी पकडणार नव्हतं, त्यामुळे मी इतका काटेकोर झालो की स्वतःचाच राग यायचा. बॉल रिंगला लागून गरगर फिरून आत गेला तरी मी तो अर्धाच धरायचो. हळूहळू कुठला बॉल जाणार आणि कुठला नाही, हे हातातून सुटायच्या आधीच कळायला लागलं. वर्ष संपेपर्यंत मी रिंगपासून अडीच पावलं मिळवली, अगदी खरी.

त्याच हंगामातली शेवटची मॅच इंदापुरात होती. काही सेकंद उरलेले आणि आम्ही एका पॉइंटनं मागं. सरांनी टाइम-आउट घेतला. सगळे कॅप्टनकडे बघत होते. सरांनी माझ्याकडे बोट केलं. "बॉल ह्याला द्या."

माझ्या कानावर माझाच विश्वास बसेना. खेळ सुरू झाला आणि बॉल माझ्याकडे आला, बरोबर अडीच पावलांवर. पण इंदापूरचे दोघं माझ्या अंगावर चढले. त्यांच्या डोक्यावरून मारता आलं असतं. पाहणारे "मार, मार" म्हणून बोंबलत होते. मारायची मला इतकी इच्छा होती की मी बॉल डोक्यावर नेलाही. पण मनात आकडा आला, अंगावर दोघं असताना दहातले तीनच जाणार. पलीकडे कॅप्टन मोकळा होता. मी बॉल त्याला दिला आणि त्यानं तो आत टाकला.

पोरांनी कॅप्टनला खांद्यावर घेतलं. मला उचलायची कुणाची ताकद नव्हती म्हणा. मी भीत भीत सरांपुढं गेलो. "सर, चुकलं. तुमी मला मारायला सांगितलं हुतं."

"मी बॉल तुला द्या म्हणलो," सर म्हणाले. "मार कुठं म्हणलो?"

 उंच माणसाला मान खाली घालून भरलेले डोळे लपवता येत नाहीत, खालून सगळ्यांना दिसतं. म्हणून मी तिथंच फतकल मारून बसलो आणि बांधलेल्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागलो.