आत्याबाईंचा पापड

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कोणाच्याही घरी कूलर दिसला की त्याच्यासमोर भाजलेला पापड ठेवायच्या. पापड सादळला तर कूलर पास, कुरकुरीत राहिला तर नापास. पाहुणचाराला जातानाही पिशवीत पापड असायचाच. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण हा संशय उगाच नव्हता. एका मे महिन्यात मामंजींना ऊन लागलं. त्यांना कूलरसमोर झोपवून आत्याबाई स्वयंपाकघरात गेल्या. पंख्याचा आवाज जोरात येत होता, म्हणून त्या निर्धास्त राहिल्या. पाण्याचा पंप मात्र बंद पडला होता आणि खोलीत नुसती झळ शिरत होती. मामंजी त्यातच गेले. तेव्हापासून आत्याबाईंचं एकच म्हणणं, "आवाजावर नोको जाऊ, बाई. घोरनारा मानूस का काम करून राह्यला असते?"

पुढे आमची तुमसरची राइस मिल बरी चालली आणि ह्यांनी सगळ्या घरासाठी मिळून एकच एअर कंडिशनर बसवला. पत्र्याच्या नळकांड्यांतून गार हवा खोल्याखोल्यांत यायची. आम्ही भरदुपारी चादरी पांघरायला लागलो. आत्याबाईंचा पापड मात्र कडकच. ही मशीन हवेतला ओलावा काढून टाकते, असं मेकॅनिकनं समजावलं आणि घरामागे नेऊन नळीतून ठिबकणारं पाणी दाखवलं. झालं! होता नव्हता तो विश्वासही उडाला.

"पानी घरात राह्यलं तं गारवा राह्यते," त्या म्हणाल्या. "हे तं बाहेर सांडून राह्यली. चोर हाय मशीन."

त्या बाहेर सपरीतच, म्हणजे ओसरीवर, झोपायच्या, डोक्यावर ओला पंचा घेऊन. मीही काही कमी नव्हते, कडाकडा भांडायची. तुम्हालाही ऊन लागलं तर लोक माझ्याच तोंडात शेण घालतील, असंही बोलले. त्या जागच्या हलल्या नाहीत. दुपारी मात्र हळूच आत यायच्या आणि झोपलेल्या लेकरांच्या कपाळांवर हात ठेवून बघायच्या. ते दिसलं की मी भांडण सोडून त्यांचा पंचा ओला करून आणायची.

शेवटच्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं, तेव्हा आम्ही त्यांना उचलून आतल्या खोलीत आणलं. "मशीन चालून राह्यली का?" हे दिवसभर चालायचं. मी हो म्हणायची, त्या मान फिरवायच्या.

एका दुपारी वीज गेली. तशात दुखणं वाढलं म्हणून हे डॉक्टरांना आणायला धावले. मी आत्याबाईंना वारा घालत बसले होते, घामानं माझं लुगडं अंगाला चिकटलं होतं. त्यांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा गारठलेला होता.

"आता बराबर चालून राह्यली ना? थंडी वाजते."

मी त्यांच्या अंगावर चादर ओढली आणि हो म्हटलं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझा शब्द पहिल्यांदा खरा मानला.