देवाच्या मुलाचे गुडघे

तर कालच्या गप्पांत आमच्या धाकट्या सुनेच्या ग्रीक वीराची गोष्ट मंदिराच्या पायऱ्यांपाशीच राहिली होती. सूनबाई व्हिडिओ गेममधली पात्रं घडवतात. बाप देव आणि आई साधी माणूस, असा हा वीर त्यांनी दोन महिने खपून उभा केला. त्याची चालण्याची ढब बसवायला मात्र त्यांनी स्वतःच्या आईचं तीन मजले चढतानाचं चित्रण वापरलं. मग काय, राक्षस लोळवणारा गडी दहाव्या पायरीवर गुडघा धरून थांबला. सूनबाईंच्या ऑफिसातल्या साहेबांचं तोंड कडू झालं.

"देवाचा मुलगा असा दमतो होय? पटवून द्या, नाहीतर हा वीर रद्द."

सूनबाईंनी शांतपणे चष्मा पुसला.

"सर, बाप नुसता वर आभाळात बसलेला. याला कडेवर घेऊन जिने चढली ती आई, म्हणून गुडघे तिच्यावर गेलेत."