बसा, मावशी

"वय खरं सांगा." चष्मा कपाळावर चढवायचा आणि हे म्हणायचं, ही मॅडमची सवय. तुमच्या गावच्या शाळेतही अशी एखादी असेल, आठवून पाहा.

आसेगावजवळच्या आमच्या शाळेत दर शनिवारचा पहिला तास मोबाईलवर घेणं सुरू झालं. वर्गाचा ग्रुप, त्यावरच पाठ, त्यावरच हजेरी. त्या ॲपवर तेरा वर्षांखालच्या पोरांना खातं उघडता येत नाही. बाकीच्या वर्गांत पोरांनी वय वाढवून टाकलं, गुरुजी गप्प. सहावीच्या मॅडम मात्र अडून बसल्या. "घरचं मोठं माणूस आणा. खातं त्याचं, आणि तासाला ते पोरापाशी बसेल."

मुलगा-सून पुण्याला कामाला, सहावीतली नात आमच्यापाशी. म्हणून आमची म्हातारी गेली. जन्मात शाळेची पायरी चढली नव्हती, ती बाकावर बसली.

"वय खरं सांगा, मावशी."

"तुमचं सांगा पयले!"

वर्ग खो खो हसला. "बेचाळीस," मॅडम म्हणाल्या. "आता तुमचं."

म्हातारीनं आधार कार्ड काढलं. एक जानेवारी. आमच्या गल्लीतले निम्मे लोक त्याच दिवशी जन्मले.

"ही तारीख खरी?"

"माय भेटली का इचारीन तिले."

मग दर शनिवारी म्हातारीच्या नावानं, तिच्या हिरव्या लुगड्यातल्या फोटोखाली, नात लिहायची, "हजर." मॅडम लिहायच्या, "बसा, मावशी." एवढा मान म्हातारीला कोणी दिला नव्हता. मी तर नाहीच.

संक्रांतीनंतर म्हातारी गेली. दवाखान्यात न्यायला निघालेली जीप शेलूबाजारलाही पोचली नाही.

तेरवीनंतरच्या शनिवारी नात एकटीच शाळेत गेली. दुपारी मॅडम आमच्या दारात.

"बाबा, आज मावशींच्या नावानं 'हजर' आलं. गेलेल्या माणसाची हजेरी कशी घेऊ? नाव काढावं लागेल."

माझं डोकं फिरलं. "काढा ना! घरातून तं गेलीच, तिथूनबी काढा!"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पोरगी तेराची कधी होते?"

"पोळ्याले."

"तोवर राहू द्या. एवढं एक खोटं माझ्या अंगावर. पण बाकावरची जागा रिकामी नको. तुम्ही या."

मी जाऊन बसू लागलो. नात लिही, "हजर." मॅडम लिहीत, "बसा, मावशी." तेव्हा डाव्या हाताला कोणीतरी सरकून मला जागा करून देतंय, असं वाटायचं. मी तिकडं पाहत नसे.

उन्हाळ्यात मॅडमची बदली झाली. वाशीमकडे कुठं तरी. ग्रुपमधूनही त्यांचं नाव गेलं.

पोळ्याला नात तेराची झाली. वय खरं टाकून तिनं आपलं खातं उघडलं. नव्या सरांनी वय विचारलंही नाही.

त्या शनिवारी ती मुलाचा जुना मोबाईल घेऊन शाळेत गेली. म्हातारीचा फळीवर होता. मी उभ्यानंच तो उचलला, एका बोटानं अक्षरं शोधली आणि तिच्या फोटोखाली लिहिलं, "हजर."

थोड्या वेळानं सरांचा नुसता अंगठा आला.

बसा कोणी म्हटलं नाही. मी मोबाईल धरून उभाच राहिलो.