बाबांनी नापास केलेली गाडी

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. घरासमोर एक खटारा आणि घरात सल्ले देणारी वडीलधारी माणसं असली की पुरे. खटारा एका जागी गंजत राहतो आणि किस्से आपोआप साठत जातात.

आमचा खटारा फॅक्टरीच्या क्वार्टरसमोर, कडुलिंबाखाली उभा असे. बाबांनी तो एका रिटायर कंत्राटदाराकडून घेतला, वर्षभर चालवला, आणि मग खटाऱ्याने चालणं सोडलं. मी बी.एससी.च्या शेवटच्या वर्षाला होते. बाबांनी शब्द दिला, "गाडी भंगारात विकली की त्या पैशात तुझी सागर विद्यापीठाची फी भरू." एम.एससी.ची फी आणि हॉस्टेल मिळून पाचशे लागणार होते. म्हणजे माझं पुढचं शिक्षण त्या गाडीत बसलं होतं, आणि गाडी जागची हलत नव्हती!

*

पहिला भंगारवाला गुरंदी बाजारातून आला. गाडीभोवती फिरला, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "बाबूजी, माल तो ठीक है. छह सौ दे दूँगा."

मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

पण बाबा फॅक्टरीत इन्स्पेक्टर. बावीस वर्षं तोफेच्या गोळ्यांतले दोष शोधून खराब गोळे बाजूला काढणं एवढंच काम. कोणी 'माल ठीक है' म्हटलं की त्यांना चैन पडत नाही.

"ठीक कुठला? इधर देखिए," म्हणत ते गाडीखाली शिरले. "चेसिसला चीर आहे. रेडिएटरला तीनदा डाग दिलाय. आणि हा पत्रा, बोट लावा, आरपार जाईल."

भंगारवाल्याने बोट लावलं. आरपार गेलं. सहाशेचे साडेतीनशे झाले!

"बाबा, तुम्ही आपल्याकडून बोलून राहिले की त्याच्याकडून?"

"दोष लपवून मी माल पास करत नाही. आपल्या हातचा एक गोळा फुटला नाही, तर सीमेवर एखादा पोरगा मरतो."

"ही गाडी सीमेवर नाही चालली बाबा, गुरंदीत चालली आहे!"

*

मग मदतीला शेजारचे देशकर काका आले. काका फॅक्टरीच्या पेंट शॉपमध्ये. म्हणाले, "अगं, काहून चिंता करते? रंग मारला की म्हातारीही नवरी दिसते."

पदरचे पैसे घालून त्यांनी बाजारातून रंग आणला, स्वतः मिसळला, दोन हात मारले. पण बिचाऱ्यांनी आयुष्यभर एकच रंग मिसळलेला. गाडी लष्करी हिरवी झाली!

दुसऱ्या दिवशी सिहोऱ्याचा एक व्यापारी आला आणि फाटकातूनच मागे फिरला. "ना भैया ना. सरकारी माल है, हमको जेल नहीं जाना."

काका गाडीत बसून रंग वाळतोय का ते पाहत होते. तेवढ्यात रस्त्याने एक जवान चालला होता. त्याने गाडी पाहून खाडकन सलाम ठोकला. काकांनीही ठोकला! नंतर मला म्हणाले, "गाडीची इज्जत वाढली बघ."

"इज्जत वाढली काका, भाव नाही."

*

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली. फॅक्टरीत ओव्हरटाइम, खिडक्यांना काळे कागद. काका कॉलनीचे ब्लॅकआउट स्वयंसेवक झाले. त्यांनी ठरवलं की शत्रूच्या विमानाला वरून ही गाडी रणगाडा वाटेल. झालं! टपावर चिखल थापला, चहूबाजूंनी कडुलिंबाच्या फांद्या खोचल्या.

त्याच दिवशी शहपुऱ्याहून एक गिऱ्हाईक येणार होतं. मी कॉलेजातून आले तर तो माणूस फाटकावर घाम पुसत उभा. "दीदी, पूरी कॉलोनी घूम ली. गाड़ी तो कहीं है ही नहीं!"

मी दाखवेपर्यंत त्याची परतीची बस आली, आणि तो पळाला.

काकांना सांगितलं, तर छाती फुगवून म्हणाले, "पाहिलं? मग शत्रूला काय दिसणार!"

*

आईची पद्धत वेगळी. तिचा भंगारवाल्यांवर विश्वास नाही, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाईवर आहे. ती बाई दारात आली तेव्हा आई सहज म्हणाली, "या गाडीवर काय देशील?"

बाईने दार उघडलं, सीटचं कापड चिमटीत धरलं, तोंड वाकडं केलं. "कपड़ा फटा है, बाई. एक परात दूँगी."

"परात? वर झाकणाचा डबा पाहिजे."

मला वाटलं, थट्टा चाललीय. पण दोघी घासाघीस करत पायरीवर बसल्या. डबा मोठा की लहान, इथवर गाडी आली होती! तेवढ्यात बाबा बाहेर डोकावले. "सीटमध्ये ढेकूण आहेत, हे सांगितलं ना?"

बाईने परातही परत टोपलीत ठेवली.

*

जुलै आला. फी भरायची मुदत संपत आली. बाबा ओव्हरटाइमला गेलेले पाहून मी एकटीच गुरंदीला गेले.

एका दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बिटिया, घर में कोई बड़ा नहीं है?"

"हैं. इसीलिए तो मैं आई हूँ!"

लोखंड वजनावर, टायर वेगळे, बॅटरी वेगळी. तो दोनदा उठला, मी तीनदा उठले. शेवटी पाचशेवर आला. दुपारी त्याची माणसं दोर लावून गाडी ओढत घेऊन गेली आणि मी थेट पोस्टात जाऊन फीची मनीऑर्डर केली.

संध्याकाळी बाबांनी रिकामी जागा पाहिली.

"कितीला गेली?"

"पाचशे. फी भरलीसुद्धा."

"शाबास!" एक घोट चहा घेऊन त्यांनी कप खाली ठेवला. "चेसिसची चीर सांगितलीस ना त्याला?"

"तो वितळवणार आहे बाबा! भट्टीला चीर दिसते का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून ते गुरंदीला गेलेच. माझा जीव टांगणीला. त्याने पैसे परत मागितले तर आणायचे कुठून?

दुपारी बाबा आले आणि टेबलावर चाळीस रुपये ठेवले.

"हे काय?"

"कोणास ठाऊक गं. मी चीर सांगितली, तर तो म्हणाला, ठीक है. दुकानात चार गिऱ्हाईकं होती. एक जण डायनामो पाहून राहिला होता, आतलं कॉइल जळलेलं. सांगितलं त्याला. दुसऱ्याच्या हातात बॅटरी होती, तिचंही सांगितलं. दोघंही माल ठेवून गेले. तर दुकानदारानं मला वीस रुपये दिले. म्हणे, 'बाबूजी, धूप बहुत है, रिक्शा से घर जाइए.' भला माणूस आहे."

"आणि हे दुसरे वीस?"

बाबा चपला काढत म्हणाले, "मी म्हटलं, आज पूर्ण दुकान पाहून झालं नाही. बाकीचं उद्या येऊन सांगतो."