खिडकीबाहेरचा हात

लातूरच्या दवाखान्यातून लेकाचा फोन आला, तेव्हा मी ज्वारी निवडत होते. "आई, अण्णा गेले," म्हणाला. मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि सुपातली उरलेली ज्वारी निवडून घेतली. पुढं पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेल्या बाया सांगत होत्या, रडून घे बाई, मोकळी हो... रडू आलं नाही. महिना होत आला, अजून नाही.

आमचे हे, लेकाचे अण्णा, मेकॅनिक. औशाच्या रस्त्याला पत्र्याचं गॅरेज. आता मेकॅनिकचा सगळा जीव कानात असतो, आणि ह्यांना तर एका तापानं तरणेपणीच ऐकू येईनासं झालेलं. गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे चारातला एखादा सिलिंडर काम करेनासा झाला, की इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून बघायची. आवाज पडला तर तो सिलिंडर चांगला. आवाज तोच राहिला तर बिघाड तिथंच. पण ऐकणार कोण? म्हणून मला सीटवर बसवायचे. हे बॉनेटखाली आणि माझा हात खिडकीबाहेर. आवाज पडला की तळहात खाली, तोच राहिला की मूठ. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, अक्षरं घरीच गिरवली. इंजिन मात्र ह्यांच्याकडूनच शिकले.

लातूर नवा जिल्हा झाला होता आणि पाऊस नव्हता. आमच्या पेट्रोलच्या पिकपमधून पिंपं भरून आम्ही वस्तीवर पाणी न्यायचो. एकदा वाटेत इंजिन तापलं. ह्यांनी रेडिएटरमध्ये बादलीनं पाणी ओतलं, निघालो, तर गाडी धक्के खायला लागली. वस्तीचा चढ काही चढेना. वर सकाळपासून घागरी मांडलेल्या, लेकरं कोरड्या तोंडानं बसलेली. मी सीटवर, हात बाहेर. तळहात, तळहात, मूठ, मूठ. तेवढ्यात सासूबाई चढ उतरून आल्या.

"लेकरं पाण्यावाचून बसली हायती, आन् ही महाराणी कुणाला हात दाखवून राहिली?"

ह्यांना ऐकूच गेलं नाही, ते बरं. वायर लोखंडाजवळ धरून बघितली, ठिणगी पडेना. मग चारी प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली, तर आत पाण्याचे थेंब! बादलीतलंच उडालेलं. फडकी सगळी तेलकट, म्हणून माझ्या पदरानं टोपी पुसली आणि पुन्हा एकेक वायर काढत विचारलं, "आता?" चारी खेपेला माझा तळहात खाली गेला.

"पदराचं वाटोळं केलंस की रे," सासूबाई म्हणाल्या आणि पुढं येऊन बसल्या, "चल आता लवकर."

परवा लेकानं अंगणातली तीच पिकप चालू केली. मिसिंग मारत होती. मी सवयीनं सीटवर जाऊन बसले. त्यानं बॉनेट उघडलं, एक वायर काढली, दुसरी काढली...

"आई, हात आत घे की," तो तिकडून म्हणाला. "मला ऐकू येतंय."

खरंच आहे, त्याला येतं ऐकू. हात तसाच बाहेर राहिला. मूठ वळलेली.