नऊशे ग्रॅम घाम
"मॅडम, नऊशे ग्रॅम!" वजनकाट्यावरून उतरता उतरताच नाना ओरडले. दारातल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. पण तो काटा तेव्हाच उचलून आत ठेवायला हवा होता, तेही केलं नाही.

मी जळगावात हॉट योगा शिकवते. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग बाहेरच्या उन्हाकडे. "जळगावात खोली तापवायला मशीन लागतं?" असं माझ्या सख्ख्या मावशीनं विचारलं होतं. हिवाळ्यात लागतं. छताला हीटरचे पॅनल, कोपऱ्यात वाफेचं मशीन, अडतीस डिग्री आणि तासाभराची आसनं. उष्णतेनं अंग लवकर मोकळं होतं, एवढंच त्यातलं तत्त्व. पुण्यात मी त्याचं रीतसर ट्रेनिंग घेतलंय.

आमच्या स्टुडिओचे मालक संदीपभाऊ. हॉट योगा त्यांनी परदेशातल्या ट्रिपमध्ये पाहिला आणि इथे आणला. दारात वजनकाटा ठेवायची कल्पनाही त्यांचीच. क्लासआधी वजन, क्लासनंतर वजन. तासात गेलेलं वजन म्हणजे नुसता घाम असतो, दोन ग्लास पाणी प्यायलं की परत येतं, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि पाणी पिणं सोडलं.

या शर्यतीत सगळ्यांत पुढे नाना. वय सहासष्ट, धुळ्याच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, आता जळगावात मुलीकडे राहायला. साडेपाचला हजर, सहाला क्लास. सुट्टी नाही. मी सांगायचे, "पहिले पंधरा दिवस एक दिवसाआड या. अंगाला सवय होऊ द्या." ते रोज यायचे. मी सांगायचे, "गरम खोलीत अंग जास्त वाकतं, म्हणून हद्दीच्या थोडं अलीकडेच थांबा." ते पलीकडे जायचे. "दम लागला तर वज्रासनात बसा," म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "बसायला काय, घरी पण बसतोच की."

पाण्याबद्दल तर त्यांचा सिद्धांतच होता. बाटली घेऊन येणाऱ्यांना ते म्हणायचे, "एकीकडून काढायचं आणि दुसरीकडून भरायचं, मग आलात कशाला?" हेडमास्तरच ते. माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकलं जायचं.

फेब्रुवारीतली सकाळ. अर्धचंद्रासन चालू होतं. हात वर जोडायचे आणि कमरेतून बाजूला झुकायचं. नाना झुकले ते झुकतच गेले. शेजारच्या बाईंनी दंड धरला म्हणून डोकं फरशीवर आपटलं नाही.

मी हीटर बंद केला. चौघांनी उचलून त्यांना बाहेरच्या व्हरांड्यात नेलं. आडवं केलं, पाय खुर्चीवर ठेवले, ओला नॅपकिन मानेला लावला. चेहरा पांढराफटक. हाक मारली तर नुसती पापणी हलली. त्या दोन मिनिटांत मला ट्रेनिंगमधलं सगळं आठवलं आणि हेही आठवलं, की हा माणूस पाणी पीत नाही हे मला दोन महिने माहीत होतं.

नाना डोळे उघडून म्हणाले, "क्लास थांबवू नका."

"गप्प पडा, नाना," मी म्हटलं. हेडमास्तरांना असं बोलायची माझी पहिलीच वेळ.

कुणीतरी फोन केला होता. त्यांच्या पत्नी मालतीअक्का रिक्षातून उतरल्या त्या अहिराणीत बोलतच. "सकायपाईन घोटभर पानी नही पोटमा! आनि वरतून बीपीनी गोळी!"

"गोळी? कसली गोळी, अक्का?"

"पाच वरीस झालं चालू शे. लघवी जास्त व्हस तीनी."

मी आत जाऊन नानांचा फॉर्म काढला. 'काही आजार आहे का?' या प्रश्नापुढे त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'नाही'. खाली दुहेरी रेघ.

रिक्षातून दवाखान्यात जाताना मी विचारलं, "नाना, बीपी आहे हे लिहिलं का नाही?"

"बीपी होतं. गोळी घेतो, म्हणून आता नाही," ते म्हणाले. तर्कात खोट काढता येईना.

डॉक्टरांनी सलाईन लावली. गोळी अंगातलं पाणी काढते, खोली आणखी काढते आणि हे आत काही जाऊ देत नाहीत. रक्तदाब खाली येणारच, असं त्यांनी समजावलं. संध्याकाळी घरी सोडलं. गरम खोली मात्र बंद. साधा योगा करा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी संदीपभाऊंना म्हटलं, "काटा काढा."

"मॅडम, लोक काट्यासाठीच येतात."

"मग मी येत नाही."

ते गडबडले. हॉट योगा शिकवणारं जळगावात दुसरं कोण मिळणार? शेवटी ठरलं ते असं : काटा राहील, पण जेवढं वजन कमी भरेल तेवढं पाणी, चिमूटभर मीठ आणि लिंबू घालून, पुढच्या दोनेक तासांत घोट घोट प्यायचं. ज्यांना डॉक्टरांनी पाणी किंवा मीठ मोजून घ्यायला सांगितलंय, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. क्लासच्या दोन तास आधी खाणं नाही. आदल्या दिवसापासून नीट पाणी पिऊन यायचं, दारात येऊन ढोसायचं नाही.

तिघांनी क्लासमधून नाव काढून घेतलं. ते आता एका जिममध्ये प्लास्टिकचं जाकीट घालून पळतात. उरलेल्यांचं वजन तीन महिन्यांत फारसं उतरलं नाही. पण गुडघे आणि झोप सुधारल्याचं त्यांनी मला जरा नाराजीनंच सांगितलं.

नाना बिनहीटरच्या बॅचला येतात. पहिले आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नंतर स्वतःहून खुर्ची टाकून दारात बसायला लागले. पाणी न पिता कुणी निघालं की म्हणतात, "पी आधी. मग जा." अजूनही माझ्यापेक्षा त्यांचंच ऐकतात.

फॉर्म मात्र मी बदलला. 'काही आजार आहे का?' हा प्रश्न काढून टाकला. आता विचारते, 'सकाळी कुठल्या गोळ्या घेता?' आजार आमच्याकडे कुणालाच नाही. गोळ्यांसाठी मात्र जागा पुरत नाही, लोक फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहितात.