काकाजींची बाराबोर

काकाजींसमोर पेपर उघडायची सोय नव्हती. कुठल्याशा देशाने अणुबॉम्ब बनवू नये म्हणून बड्या देशांनी डोळे वटारल्याची बातमी दिसली, की रेल्वेतून निवृत्त झालेले हे माझे रायपूरचे घरमालक सकाळी सकाळी पेटायचे. "स्वतःच्या घरी बॉम्बचा ढीग, अन् दुसऱ्याले म्हणतेत, तू ठेवू नको! काहून?" मला नवा रायपूरच्या ऑफिसची बस गाठायची असे, आणि बड्या देशांच्या वाटणीचं बोलणं मी खात बसे.

रागाचं मूळ कपाटात होतं. वडिलांची बाराबोर बंदूक, रीतसर लायसन्सची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. "गावठी कट्टेवाले गुंड मोहल्ल्यात मोकळे फिरून राहिले, अन् लायसन्सवाला मी चोर! हे तेच आहे, पोरी." मी म्हणे, देश वेगळा, माणूस वेगळा, माणसावर पोलीस असतो. "अन् पोलिसाकडं बंदूक असते!" वाद खलास. कपाटाची किल्ली त्यांच्या करदोट्याला. काकूंनाही हात लावू देत नसत. "घरातला बडा देश हाच," काकू मला हळूच म्हणत.

एका निवडणुकीत शेजारच्या पोराने फाटकासमोर गाडी लावली. काकाजी भांडायला गेले. "ए बुढ्ढे, चल हट!" म्हणत त्याने त्यांना ढकललं. काकाजी उठले ते तडक घरात. किल्ली ओढून काढली. काकू दंडाला लोंबकळल्या, "अहो, नका!" मी मागून धावले. त्यांनी कपाट उघडलं. रिकामं. बंदूक ठाण्यात होती, हे रागात ते विसरलेच होते. रिकाम्या कपाटात तसाच हात घालून ते उभे राहिले. काकू खाली बसून रडू लागल्या.

निकाल लागल्यावर लोक आपापल्या बंदुका घरी घेऊन आले. काकाजींनी लायसन्सच परत केलं.

आता तरी सुटले, म्हणून मी दुसऱ्या दिवशी बिनधास्त पेपर उघडला. काकाजी समोर येऊन बसले. "समजलं मले," ते म्हणाले. "माह्या कपाटासाठी ठाणं होतं, म्हणून तो पोट्टा वाचला. मीही वाचलो. त्या बड्याइच्या कपाटासाठी कोणतं ठाणं आहे, सांग."

त्या दिवशी माझी बस चुकली.

काकाजी जाऊन बरीच वर्षं झाली. ती बातमी अजून येते. आता माझंच डोकं फिरतं, आणि भांडायला समोर कोणी नसतं.